तळहातावरचा तास

शाळांमध्ये जिवंत प्राणी घेऊन जाण्याचं काम मी करते. फोन आला की पलीकडचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा ठरलेला असतो. "मॅडम, साप आणणार ना?" मग अजगर आहे का, घुबड आहे का, मुलांना प्राणी गळ्यात घालून फोटो काढता येतील का. मी सांगते, माझ्याकडे गांडुळं आहेत, गोगलगायी आहेत, काडीकिडे आहेत आणि कुंडी उचलली की खाली सापडतात ते, हात लावल्यावर गोळी होणारे करडे पिलबग आहेत. काही जण तिथेच "कळवतो" म्हणून फोन ठेवतात. जे बोलावतात आणि जे अजून विचारात आहेत, त्या दोघांसाठीही हे लिहितेय.

प्राणी नुसता दाखवायचा असेल तर मोठा, दुर्मीळ, धडकी भरवणारा प्राणी आणावा. पण मुलांनी त्याच्याकडून काही शिकावं असं वाटत असेल, तर त्याला वर्गातही आपलं रोजचं काम करता आलं पाहिजे. भरलेल्या सभागृहात, या हातातून त्या हातात जाणारा साप काय करतो? एक तर निसटायला बघतो, नाहीतर आखडून पडून राहतो, आणि माइकवरून कुणीतरी सांगतं, "बघा, किती शांत आहे." सापाला पापण्या नसतात, जीभ बाहेर काढून तो वास गोळा करतो, त्याची कातडी चिकट नसून कोरडी असते, या सगळ्या गोष्टी खऱ्या आणि सुंदर आहेत. पण त्या घाबरलेल्या सापाकडे बघून कळत नाहीत, माइकवरूनच कळतात. मग सापाला आणायचं कशाला?

गांडुळाला ओलावा, सावली आणि थोडा निवांतपणा एवढंच लागतं. ते एका ट्रेमध्ये देता येतं.

चार-पाच मुलांत एक ट्रे, त्यात ओला टिश्यू पेपर आणि त्यावर एक गांडूळ, अशी माझी सुरुवात असते. पहिली काही मिनिटं मी बोलतच नाही. "ईऽऽ" होतं, खुर्च्या मागे सरकतात, मग हळूहळू डोकी ट्रेवर येतात. एकदा एका मुलाने विचारलं, "ताई, याचं तोंड कुठल्या बाजूला?" मी म्हटलं, कुठल्या दिशेने चाललंय ते बघ. त्याने बघितलं, ठरवलं, आणि तेवढ्यात गांडूळ उलट्या दिशेने सरकलं. शेजारची मुलगी म्हणाली, "ते मागेही जातं, मग चालण्यावरून कसं कळणार?" पुढचा बराच वेळ त्या गटाचं तेच चाललं होतं. शेवटी त्यांना अंगावरचा जाडसर, फिकट पट्टा दिसला. तो एका टोकाला जवळ आणि दुसऱ्यापासून लांब असतो. जवळच्या टोकाला तोंड असणार, असा अंदाज त्यांनी बांधला. अंदाज बरोबर होता. पूर्ण वाढलेल्या गांडुळाचा तो पट्टा तोंडाकडच्या बाजूला असतो आणि त्यातूनच अंड्यांचा कोष तयार होतो. हे मी नंतर सांगितलं, कारण तोवर त्यांना ते ऐकायचं होतं.

मग पाठीवरची तांबडी रेघ. कातडीतून दिसणारी ती रक्तवाहिनी आहे. नीट बघितलं तर तिच्यातून मागून पुढे जाणारी लाट दिसते. मुलं ती मोजतात, स्वतःच्या मनगटावर बोट ठेवून आपली नाडी मोजतात, मग पुन्हा ट्रेकडे वळतात. गांडूळ क्षणभर खरखरीत कागदावर ठेवलं आणि कान अगदी जवळ नेला तर बारीक खुरखुर ऐकू येते. त्याच्या अंगाखाली ताठ, बारीक केस असतात, ते रोवून रोवून ते पुढे जातं. हे ऐकायला सगळा वर्ग गप्प बसतो. मला कुणाला गप्प करावं लागत नाही. लगेच गांडूळ ओल्या टिश्यूवर परत, कारण त्याला फुप्फुसं नाहीत. ते ओल्या कातडीतून श्वास घेतं आणि कातडी वाळली तर गुदमरतं.

गांडुळाला ऐकू येतं का, हा प्रश्न कुठल्याही वर्गात निघतोच. चार्ल्स डार्विनलाही तो पडला होता. त्याने घरात कुंड्यांमध्ये गांडुळं ठेवली, त्यांच्यासमोर शिट्टी फुंकली, बासून नावाचं खर्जातलं वाद्य वाजवून घेतलं, पियानोही वाजवून बघितला. गांडुळांनी काहीच दखल घेतली नाही. मग कुंड्या थेट पियानोवर ठेवून सूर वाजवला, तशी ती झटक्यात बिळात गेली. आवाज नाही, पण थरथर त्यांना कळते. हे निष्कर्ष त्याने १८८१ मध्ये छापले, मृत्यूच्या आदल्या वर्षी. गोष्ट सांगण्याआधी मी मुलांना करून बघायला लावते. एकाने ओरडायचं, मग दुसऱ्याने ट्रेजवळ टेबलावर बोटाने टिचकी मारायची. पियानो नसला तरी चालतं. आणि दहा वर्षांच्या मुलाला जेव्हा कळतं की आपण केलं तेच एका म्हाताऱ्या, जगप्रसिद्ध माणसाने केलं होतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

डार्विनने आणखी एक केलं होतं. कागदाचे लांबट त्रिकोण कापून त्याने रात्री गांडुळांपुढे टाकले. बहुतेक त्रिकोण त्यांनी निमुळत्या टोकाकडून बिळात ओढले. बिळात सहज शिरेल ते टोक त्यांनी चाचपून निवडलं होतं. गांडुळांची पेटी रात्रभर वर्गात राहणार असेल तर हा प्रयोग मुलांना द्यावा, पण खोल, उभी बिळं करणारीच गांडुळं असं ओढतात. खताच्या पेटीतली वरच्या थरातच राहणारी गांडुळं त्रिकोणांकडे ढुंकूनही बघणार नाहीत. रात्री बघायचं असेल तर टॉर्चला लाल जिलेटीन पेपर लावावा. लाल उजेड गांडुळांना फारसा जाणवत नाही.

आता हाताळण्याबद्दल, कारण 'हँड्स-ऑन' म्हणजे प्राणी धरायला मिळणं अशी बऱ्याच जणांची समजूत आहे. माझ्या वर्गात कुणी प्राणी धरत नाही. तळहात सपाट, टेबलाला टेकलेला, साध्या पाण्याने ओला. चिमटीत पकडायचं नाही, मूठ मिटायची नाही, हात हवेत उचलायचा नाही. प्राणी हातावर आला तर आला, नाही आला तर नाही. उचलावंच लागलं तर रंगकामाच्या मऊ ब्रशने. गोगलगाय शंखाला धरून ओढायची नाही, तिची पकड सुटत नसेल तर पुढे ओला कागद ठेवायचा आणि वाट बघायची. या वाट बघण्यातच तासाचा मोठा भाग जातो. शिक्षक घड्याळाकडे बघतात, आणि मला त्यांची अडचण कळतेही, पण मी हा वेळ कमी करत नाही. एखादा जीव आपणहून आपल्या हातावर येईपर्यंत हात स्थिर ठेवणं, हे मुलाला दुसऱ्या कुठल्या तासाला करायला मिळतं?

आणि ज्याला हात लावायचा नाही, त्याने लावायचा नाही. "अरे घाबरतोस काय, मुलगा ना तू!" असं मोठ्यांपैकी कुणी म्हणालं की मी मध्ये पडते. लांब उभ्या राहणाऱ्या मुलाला मी वही आणि भिंग देते, गटाची नोंद त्याने ठेवायची. किती तरी वेळा सर्वांत बारीक निरीक्षण याच मुलांचं असतं, कारण त्यांची नजर त्या प्राण्यावरून हलतच नाही.

पिलबगवर माझा विशेष जीव आहे. हा कीटक नाही, खेकडे-कोळंबीचा जमिनीवर राहायला आलेला नातेवाईक आहे. पाय चौदा, पण नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला बाराच असतात. मादी पिल्लं पोटाखालच्या पिशवीत वागवते. श्वासाचे अवयव अजून कल्ल्यांसारखे आहेत, म्हणून त्याला ओल सोडवत नाही. एका डब्याच्या अर्ध्या भागात ओला कागद, अर्ध्या भागात कोरडा, मध्ये दहा पिलबग, आणि दर दोन मिनिटांनी कुठे किती हे मोजायचं. हा जुना, साधा प्रयोग आहे. एका वर्गात पाच गटांपैकी चार गटांचे पिलबग ओल्या बाजूला गेले आणि पाचव्या गटाचे कोरड्या बाजूच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून बसले. वर्गशिक्षिका हळूच म्हणाल्या, "त्यांचं चुकलं वाटतं." मुलांनी ते ऐकलं आणि पिलबगना ढकलून ओल्या बाजूला न्यायला लागली! मी थांबवलं आणि विचारलं, ते असे चिकटून का बसले असतील? एका मुलीने सांगितलं, "एकत्र बसलं की वारा कमी लागतो." ती उत्तराच्या अगदी जवळ होती. दाटीने बसल्यावर त्यांच्या अंगातलं पाणी कमी उडतं. म्हणजे पाचवा गटही ओलाव्याचीच गोष्ट सांगत होता. पुस्तकात एकच उत्तर छापलेलं असतं, जिवंत प्राणी कधीकधी दुसरं देतो, आणि ते खोडायचं नसतं. मी हे काम याच्यासाठी करते.

वेळ उरला तर पुठ्ठ्याचा छोटा चक्रव्यूह. पिलबगला आधी उजवीकडे वळायला लावलं तर पुढच्या फाट्यावर तो बहुधा डावीकडे वळतो. प्रत्येक वेळी नाही, बहुधा. म्हणून पुन्हा पुन्हा करायचं आणि मोजायचं.

गोगलगाय काचेवर ठेवून खालून बघा. पायाच्या तळव्यावर गडद-फिक्या पट्ट्या शेपटीकडून डोक्याकडे सरकताना दिसतात आणि गोगलगाय त्या लाटांवर पुढे जाते. वरच्या लांब शिंगांच्या टोकांना डोळे. पण बागेतली कुठलीही गोगलगाय उचलून वर्गात आणू नका. विशेषतः मोठ्या आफ्रिकन गोगलगायीच्या अंगात उंदरांच्या फुप्फुसातला एक जंत असू शकतो, आणि तो माणसाच्या पोटात गेला तर मेंदूच्या आवरणाला सूज आणू शकतो. मी फक्त घरी वाढवलेल्या आणते.

रोगांबद्दल थोडं कडक बोलते. काम झाल्यावर साबणाने वीस सेकंद हात धुवायचे, सॅनिटायझरवर भागवायचं नाही. आधी हाताला सॅनिटायझर किंवा क्रीम असेल तर ते धुऊन टाकायचं, कारण गांडुळाच्या किंवा बेडकाच्या कातडीतून ते थेट आत जातं. कासवं, सरडे, बेडूक निरोगी दिसत असतानाही साल्मोनेला हे पोट बिघडवणारे जिवाणू वाहून नेतात. चार इंचांहून लहान कवचाची कासवं विकायला अमेरिकेत १९७५ मध्ये बंदी आली ती याच कारणाने. मुलं ती तोंडात घालत होती. पाच वर्षांखालच्या मुलांनी सरपटणारे प्राणी, बेडूक आणि कोंबडीची पिल्लं हाताळूच नयेत, असा तिथल्या रोगनियंत्रण केंद्राचा सल्ला आहे. बालवाडीत मी सुरवंट आणि काडीकिडे नेते, आणि तेही पेटीतच.

सुरवंटाबद्दल एकच सांगते. कोषातून फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा त्याचे पंख चुरगळलेले असतात, आणि ते पोटातला द्रव पंखांच्या शिरांमध्ये ढकलून ते ताठ करतं. त्याच सुमारास खाली तांबूस थेंब पडतात. मुलं रडवेली होऊन सांगायला येतात की रक्त आलं. ते रक्त नाही, कोषात असताना साठलेली घाण आहे. हे आधी सांगून ठेवावं. आणि बाहेर यायला धडपडणाऱ्या फुलपाखराला मदत म्हणून कुणी कोष फाडू नये, पंख त्या वेळी इतके मऊ असतात की बोट लागलं तरी कायमचे वाकडे होतात.

एका मागणीला मी नाहीच म्हणते. वर्गात इन्क्युबेटर ठेवून कोंबडीची अंडी उबवणं. मुलांना ते फार आवडतं हे मला माहीत आहे. एकविसाव्या दिवशी चोचीवरच्या बारीक दाताने कवच टोकरणारं पिल्लू बघून कोण हरखणार नाही? पण बाविसाव्या दिवशी ती पिल्लं कुठे जातात? त्यातली साधारण अर्धी नर असतात आणि नर सहसा कुणाला नको असतात. मुलं सोमवारी येतात, पेटी रिकामी असते, आणि "शेतावर गेली" असं सांगितलं जातं. तीन आठवडे एका जिवाची काळजी घ्यायला शिकवून नंतर हे उत्तर द्यायचं असेल तर तो प्रयोग न केलेला बरा.

हाच प्रश्न माझ्या पेट्यांनाही लागू आहे, म्हणून शाळेत पेटी ठेवायची असेल तर मी आधी मुख्याध्यापकांशी बोलते. रविवारी पाणी कोण शिंपडणार? काडीकिड्यांना ताजा पाला कुठून मिळणार? ते नराशिवायही अंडी घालतात, तेव्हा जास्तीची अंडी गोठवून नष्ट करायची जबाबदारी कुणाची? परक्या जातीचे जीव "मोकळे केले" म्हणून बागेत सोडून द्यायचे नाहीत, हे शिपायांपासून सगळ्यांना सांगितलंय का? काही शाळा एवढ्यावर कंटाळतात. काही शाळांत मात्र मुलंच वेळापत्रक करून दाराला चिकटवतात, त्यात सुट्टीतली नावंही घालतात. मे महिन्याच्या रकान्यात नाव असेल तरच मी पेटी ठेवून येते.