आमची वाटचाल : ड्रॉहेडाच्या परसातल्या वाघिणी

२००७ साली आम्ही आयर्लंडला आलो तेव्हा बाबांनी फोनवर घर कसं आहे, थंडी किती आहे, यातलं काही विचारलं नाही. "गेज काय आहे तिथं?" हा त्यांचा पहिला प्रश्न, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर किती. बाबा दौंड यार्डात टीएक्सआर, म्हणजे रेल्वेचे डबे तपासणारे होते. चाकावर हातोडी मारून आवाजावरून तडा ओळखायचा, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. मी चौकशी करून दुसऱ्या दिवशी सांगितलं, पाच फूट तीन इंच. "म्हणजे आपल्यापेक्षा तीन इंच कमी. पण ब्रॉडगेजच. चांगलंय," ते म्हणाले आणि मग थंडीची चौकशी केली.

ते तीन इंच पुढे माझ्या रोजच्या कामात आले. आम्ही फुटाला चार मिलिमीटर, म्हणजे १:७६.२ या प्रमाणात आयरिश मालगाडीच्या वाघिणींच्या, म्हणजे वॅगनच्या, छोट्या प्रतिकृती बनवतो. तीन इंच म्हणजे ७६.२ मिलिमीटर. त्यामुळे भारताच्या आणि आयर्लंडच्या गेजातला फरक आमच्या टेबलावर बरोब्बर एक मिलिमीटर भरतो. तिकडचं २२, इकडचं २१. दुकानात मिळणारा रूळ मात्र १६.५ चा. त्यावर आयरिश वाघीण उभी केली की खऱ्या मापात एक फूट दीड इंच कमी पडतो आणि गाडी समोरून बघितली तर पाय जवळ घेऊन उभी राहिल्यासारखी दिसते. ज्याची नजर बसलेली आहे त्याला ते खुपतं. म्हणून आमची खालची चौकट पहिल्यापासून दोन्हींसाठी आहे. सोलबार (दोन बाजूंचे लांब दांडे) आणि डब्ल्यू-आयर्न (चाकांचा आस धरणारे कंस) खऱ्या रुंदीवर, आणि ज्याला १६.५ हवं त्याच्यासाठी आतून टेकू.

मी मूळची डेंटल टेक्निशियन. पुण्यात आठ वर्षं लॅबमध्ये कॅप आणि ब्रिज केले. मेण कोरायचं, साचा करायचा, बुडबुडा न येता ओतायचं आणि शेवटी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचंही माप चुकवायचं नाही. चावताना दात किंचित उंच लागला तरी पेशंटला जेवता येत नाही. इथे येताना बॅगेत ले क्रॉनचा कार्व्हर आणला होता, एका टोकाला पातं आणि दुसऱ्या टोकाला चमचा. आजही प्रत्येक मास्टरचं, म्हणजे ज्यावरून साचा काढतात त्या मूळ नमुन्याचं, शेवटचं काम त्याच कार्व्हरने होतं. पात्याची धार झिजून आता पाऊणच उरली आहे. नवीन दोन घेतले, पण हात त्याच्याकडेच जातो. लॅबमधला व्हायब्रेटर जसा प्लास्टर हलवायचा तसा इथला साच्याचा सिलिकॉन हलवतो. ओतलेल्या मालातले बुडबुडे दाबणारा प्रेशर पॉट तीन बारवर चालतो. बाकी यंत्रं नवऱ्याने जमवली, व्हॅटचे कागदही तोच सांभाळतो.

सुरुवात मुलामुळे झाली. ड्रॉहेडातल्या आमच्या घराजवळून नॅव्हनच्या खाणीतली जस्त-शिशाची माती डब्लिन बंदराकडे नेणारी गाडी जाते. मुलगा सहा वर्षांचा होता, त्याला तशी वाघीण हवी होती. दुकानात जे मिळालं ते ब्रिटिश डब्याला आयरिश रंग फासलेलं. त्याने ते हातात घेऊन सरळ सांगितलं, "ही ती नाही." मग मी रविवारी फलाटावर जाऊन फोटो काढले आणि घरी येऊन प्लास्टिकचा पत्रा कापला.

पण आमचं नाव झालं ते बीटच्या वाघिणीमुळे, आणि ती वाघीण मी धावताना कधी पाहिलेलीच नाही. साखरेचं बीट वेक्सफर्डमधल्या वेलिंग्टनब्रिजला भरायचे आणि वॉटरफर्ड, लिमरिक जंक्शनमार्गे मॅलोच्या कारखान्यात न्यायचे. शेवटची गाडी जानेवारी २००६ मध्ये गेली. त्याच वर्षी कारखाना बंद झाला. २०१० मध्ये तिथली प्रवासी गाडीही थांबली. या वाघिणी कशा होत्या, तर इंजिनियर बुलीड साहेब सीआयई या आयरिश वाहतूक कंपनीत असतानाचे नालीदार पत्र्याचे उघडे डबे. तेच पुढे बीटसाठी एकावर एक असे दोन चढवले. नुसता खोकाच म्हणा, पण त्या पत्र्याच्या नाळी कोरायला घ्या म्हणजे समजेल. प्रत्येक नाळ सारख्या खोलीची, काठाशी बोथट होत गेलेली, आणि दोन डबे जुळतात तिथली रेघ किंचित ओबडधोबड. मी ते मेणात केलं, दात करतात तसं. प्लास्टिकच्या काड्या चिकटवून नाळ करता येते, लोक करतात, पण ती पत्र्यासारखी दिसत नाही.

मापं मिळाली एका आजोबांकडून. निवृत्त सिग्नलमन, उभं आयुष्य त्या वेक्सफर्डच्या मार्गावर गेलेलं. डब्लिनच्या प्रदर्शनात ते माझ्या टेबलाशी आले, वाघीण उलटी केली, खालची चौकट पाहिली आणि विचारलं, "पोरी, तू कुठली?" मी म्हटलं, दौंडची, आमच्याकडे उसाचे कारखाने आहेत. दोन आठवड्यांनी त्यांचं पाकीट आलं. त्यात सतरा फोटो आणि स्वतः टेप धरून घेतलेल्या मापांचा एक कागद. कागदाच्या कोपऱ्यावर चहाचा डाग होता. तो कागद मी लॅमिनेट करून टेबलासमोर लावला आहे. ऑक्टोबर ते जानेवारीचा त्यांचा हंगाम त्यांना मला समजावून सांगावा लागला नाही. गळीत हंगाम म्हणजे काय, रात्रीच्या गाड्या, चिखल, वजनावरून होणारी भांडणं, हे सगळं मी लहानपणापासून पाहिलं होतं.

वाघिणीत भरायला बीट कशाचं करायचं यावर महिनाभर गेला. धणे घालून पाहिले, तर भोपळे भरल्यासारखं दिसायचं. मोहरी फार गोल आणि बारीक. शेवटी मेथी. दाणा कोनेदार, एकासारखा दुसरा नाही, आणि चाळणीने चाळून बारीक तेवढा घेतला की मापातही बसतो. मात्र मेथी आधी कोरडी भाजून घ्या. पातळ गोंदाच्या ओलाव्यावर कच्च्या मेथीला मोड येतात. भाजल्यावर चढणारा तपकिरी रंगही शेतातल्या मातीसारखाच असतो. आजोबांनी पहिली भरलेली वाघीण नाकाशी नेली आणि म्हणाले, "वास वेगळा आहे, बाकी सगळं तेच."

२०१३ ते २०१७ काम नीट चाललं. त्यात सांगण्यासारखं विशेष नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात आजोबांचा फोन आला. ऑनलाइन कुणीतरी तीच वाघीण नऊ युरोंनी स्वस्त विकत होतं. त्यांनी एक मागवली आणि न उघडता मला पाठवून दिली. मी खोका उघडला, भिंगाखाली धरली, आणि हात थंड पडले. मास्टर कोरताना एकदा माझा कार्व्हर निसटला होता. आतल्या बाजूला, डावीकडून तिसऱ्या नाळीच्या तळाशी, केसाएवढा ओरखडा राहिला होता. भरलेल्या वाघिणीत तो दिसत नाही म्हणून तसाच ठेवला होता. त्या स्वस्त वाघिणीत तोच ओरखडा, त्याच जागी. माझ्या डब्यावरूनच साचा काढला होता.

मग व्हर्नियर घेतला. ज्या रेझिनमध्ये आम्ही डबे ओततो ते घट्ट होताना थोडं आकसतं, म्हणून मास्टर आम्ही त्या हिशेबाने किंचित मोठा करतो. तयार डबा मग मापावर येतो. माझ्या डब्यावरून कोणी साचा काढला की त्याचा माल पुन्हा एकदा आकसतो. आम्ही आणखी नऊ मागवल्या. दहाच्या दहा मोजल्या, प्रत्येक माझ्यापेक्षा ०.३ मिलिमीटर आखूड. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या बाईला काटामारी कळते.

तो माणूस कोण हे मला माहीत आहे. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याने दोन वर्षांपूर्वी माझ्याकडून एकरकमी वीस वाघिणी नेल्या होत्या आणि माझ्या टेबलाशी उभं राहून चार लोकांसमोर कौतुक केलं होतं. मी त्याला दोन पत्रं लिहिली. उत्तर एका ओळीचं आलं, की एकाच वाघिणीची मापं सारखीच असणार. मापं सारखी असती तर मी गप्प बसले असते. त्याची कमी भरत होती.

आणि नेमक्या त्याच मोसमात आमची स्वतःची एक खेप फसली. आमचं रेझिन पॉलियुरेथेनचं; त्याचा कडक करणारा भाग हवेतला दमटपणा ओढून घेतो, पाण्याशी त्याची क्रिया होते, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि ओतलेला माल आतून फेसाळतो. ज्या पुरवठादाराकडून रेझिनचे डबे घेतले होते त्याने जुना, एकदा उघडलेला माल दिला होता. झाकणाच्या आत पांढरी पापडी जमलेली होती, तिचे फोटोही मी पाठवले. त्याने मानलं नाही. तीन आठवड्यांचं काम कचऱ्यात गेलं. त्या खेपेतल्या काही वाघिणी माझ्या नजरेतून सुटून गिऱ्हाइकांकडे पोचल्या होत्या. तिकडे त्या नकलेतही फेस होताच. आता लोकांना कोणती खरी, कोणती खोटी, हे कसं कळावं? दोन्हींच्या तक्रारी माझ्याकडे यायच्या. मी खरं सांगितलं तर बहाणा वाटायचा.

आम्ही दोघांनी एका रात्री स्वयंपाकघरात बसून बेरीज केली. बचतीतले सहा हजार युरो गेले होते. नवरा म्हणाला, बंद करू, तुझी लॅबची नोकरी आहेच. मी बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुझा डबा मापात आहे ना?" आहे म्हटलं. "मग सगळे परत घे आणि पुन्हा ओत."

तसंच केलं. जे आले ते सगळे बदलून दिले, त्या नक्कल करणाऱ्याकडून घेतलेलेसुद्धा, फक्त तो डबा आमच्याकडे सोडायच्या अटीवर. एक्केचाळीस नकला जमल्या, त्या अजून गॅरेजमध्ये खोक्यात आहेत. नवा मास्टर कोरला. त्यात तळाखाली, आसाच्या मागे, पाऊण मिलिमीटर उंचीचा "दौं" कोरला आहे. कोणी साचा काढलाच तर दौंड त्याच्यासोबत जाईल. एवढं सगळं झालं, पण प्रदर्शनात तो माणूस मला अजूनही मान हलवून नमस्कार करतो. मी करत नाही.

नव्याने या कामात येणाऱ्यांना काही गोष्टी सांगते, कुणी विचारलं नसलं तरी. प्लॅटिनमने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनजवळ लेटेक्सचे हातमोजे घालू नका. त्यातल्या गंधकाने सिलिकॉन जमतच नाही आणि माणूस आठवडाभर सिलिकॉनला दोष देत बसतो. रेझिनचा डबा उघडला की त्यावर तारीख लिहा आणि पावसाच्या दिवशी ओतू नका. आयर्लंडमध्ये याचा अर्थ बराचसा वेळ नुसतं बसून राहायचं असा होतो, मग त्या वेळात बेअरिंग बसवा. एका साच्यातून तीस डबे निघाले की साचा फेका, नाळीचे काठ बोथट झालेले असतात. तुम्हाला दिसत नसतील, घेणाऱ्याला दिसतात. आणि कधीतरी डब्लिनजवळच्या मालाहाईडला जाऊन इंचिकोर रेल्वे वर्कशॉपमधल्या सिरिल फ्राय यांच्या हातच्या छोट्या गाड्या पाहून या. त्या माणसाकडे ना प्रिंटर होता ना सिलिकॉन.

२०२१ च्या जानेवारीपासून ब्रिटनचं गिऱ्हाईक अवघड झालं. १३५ पौंडांच्या आतल्या पार्सलवर तिथला व्हॅट विकणाऱ्यानेच भरायचा, म्हणजे एका वाघिणीसाठी तिकडची नोंदणी. बेलफास्टला मात्र पार्सल पूर्वीसारखं जातं. नवऱ्याने चार महिने कागद केले, ते निभलं.

बाबा २०२२ मध्ये गेले. त्यांच्या उशाशी असलेली वाघीण आईने परत पाठवली. तिच्या चाकांवर बारीक खुणा होत्या. ते पेनाच्या टोकाने वाजवून बघायचे म्हणे.

वेक्सफर्डचे आजोबा आता शहाऐंशीचे आहेत. गेल्या महिन्यात त्यांची ऑर्डर आली, बारा वाघिणी आणि शेवटी एक गार्डाचा डबा, २१ मिलिमीटरच्या आसांवर, नातवासाठी. पैसे आगाऊ पाठवले, नेहमीसारखे. चिठ्ठीत लिहिलंय की वाघिणी रिकाम्या पाठव, भरायचं काम पोराकडून करून घेणार आहे, मेथी वेगळ्या पाकिटात दे, आणि भाजून.