पळायचं कोणीकडं?

अपघाताच्या अहवालात कारण मीच लिहिलं : भरधाव ट्रक रस्त्यावर मांडलेले प्लास्टिकचे कोन उडवून कामाच्या हद्दीत घुसला. त्यात खोटं काही नाही. पण त्या ट्रकचा आमच्या एकाही माणसाला धक्का लागला नाही. साइटवरच्या एका पोराच्या पायावरून गेलं ते आमच्याच टिप्परचं चाक. दोन महिने झाले, ही गोष्ट डोक्यातून जात नाही.

मी रस्त्याच्या कामावर सेफ्टी बघतो. एप्रिलमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या एका चौपदरी रस्त्याचं काम चालू होतं. दुभाजकाकडची लेन खरवडायची, ब्रूमिंग करायचं म्हणजे झाडून घ्यायची, नवा थर चिकटावा म्हणून पातळ डांबराचा टॅक कोट मारायचा आणि नवा थर टाकायचा. लेन बंद ठेवायला परवानगी रात्री दहा ते पहाटे पाच एवढीच. उन्हाळ कांद्याचे दिवस, त्यामुळे मध्यरात्रीनंतर लासलगाव-पिंपळगावकडे ट्रॅक्टरची रांग लागायची. निम्म्या ट्रॉल्यांना मागे लाल दिवा सोडा, रिफ्लेक्टरची पट्टीसुद्धा नसते.

कोन लावणं लोकांना हमालीचं काम वाटतं. ते तसं नाही. ताशी ८० च्या वेगातली गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. चालकाला तीन सेकंद झापड लागली तर ६६ मीटर गेले. म्हणून 'पुढे काम चालू आहे'चा पहिला बोर्ड पार लांब लागतो, मग वेगमर्यादेचा, मग लेन अरुंद होण्याचा, आणि त्यानंतर कोनांची तिरकी ओळ. ओळ एकदम तोडून लावली तर गाड्या ऐनवेळी ब्रेक मारतात आणि मागचा येऊन आदळतो. ओळ संपली की लगेच माणसं उभी करायची नाहीत. मध्ये मोकळा पट्टा सोडायचा. तिथे गाडी नको, खडीचा ढीग नको, चहाची किटलीसुद्धा नको. हा पट्टा सोडायला मला रोज भांडावं लागतं, कारण मुकादमाला ती फुकट गेलेली जागा वाटते. त्या रात्री मी तो पूर्ण सोडला होता आणि त्याच्या तोंडाशी पाण्याने भरलेले ड्रम दोन ओळींत ठेवले होते. ही मांडणी मी स्वतः चालत जाऊन तपासली होती, आणि तिचा मला अभिमान आहे.

झेंडीवालाही मी निवडून घेतला होता. बहुतेक साइटवर ज्याच्याकडून फावडं उचलत नाही त्याच्या हातात झेंडी देतात. हे साफ चूक आहे. तिथे सगळ्यात तल्लख माणूस हवा. आमचे झेंडीवाले काका पन्नाशीचे, पण आवाजावरून सांगायचे की गाडी वेग कमी करतेय की नाही.

तीन-चाळीसला त्यांची शिट्टी वाजली. लांब, न थांबता. ट्रकने कोनांची ओळ फोडली होती. चालकाला बहुधा डुलकी लागली असावी. ड्रमांवर आदळून, पाणी उडवत, तो मोकळ्या पट्ट्यातच आडवा होऊन थांबला. रोलरपासून तो तीसेक पावलांवर होता, मी नंतर मोजलं. म्हणजे बाहेरून आलेला धोका आम्ही ठरवला होता तिथेच अडला.

पण शिट्टी ऐकून माणसं पळाली. ट्रक मागून येत होता म्हणून ती पुढे पळाली, रोलर सोडून, पेव्हरला, म्हणजे डांबराचा थर पसरणाऱ्या यंत्राला, वळसा घालून. आणि पेव्हरच्या पुढे काय असतं हे साइटवर काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डांबर-खडीचा गरम माल घेऊन टिप्पर उलटा येत असतो. पेव्हरच्या हॉपरपासून, म्हणजे माल ओतायच्या तोंडापासून, हातभर अंतरावर तो थांबतो, न्यूट्रलला टाकतो, मग पेव्हरच त्याला ढकलत नेतो आणि माल हॉपरमध्ये पडत राहतो. टिप्परची मागची चाकं आणि हॉपर यांच्यातली ती फट ही आमच्या कामातली सगळ्यात वाईट जागा. चालकाला ती दिसत नाही. म्हणून क्लीनर खाली उतरून बाजूने 'येऊ दे, येऊ दे' करत गाडी घेतो. आणि रिव्हर्स हॉर्न हवा.

क्लीनर शिट्टी ऐकून दुभाजकावर चढला होता. त्याला मी दोष देत नाही. रिव्हर्स हॉर्न बंद होता.

तो बंद आहे हे मला माहीत होतं. साडेनऊला गाड्या तपासताना मी ते पाहिलं होतं. नवीन भानगड नव्हती ती. रात्रभराची पीं-पीं नको म्हणून चालक वायरच काढून ठेवतात. ती गाडी परत पाठवायला हवी होती. पण प्लांट लांब, गाड्या मोजक्या, आणि माल कोणासाठी थांबत नाही. व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा माल १५०-१६५ अंशांवर निघतो आणि १४० च्या खाली जायच्या आत पसरावा लागतो. एक गाडी कमी झाली की पेव्हर थांबतो, थांबला तिथे सांधा पडतो, आणि सकाळी क्वालिटीवाले येऊन ओरडतात. मी चेकलिस्टवर 'रिव्हर्स हॉर्न नाही, उद्या दुरुस्ती' असं लिहून सही केली.

पोरगा एकोणीस वर्षांचा, धडगावकडचा. पेव्हरच्या पुढे सांडलेला माल फावड्याने ओढायचं काम त्याच्याकडे होतं. पळताना तो त्या फटीत शिरला. मागून येणाऱ्या, कामावरच्याच एका मावशीने त्याची कॉलर धरून मागे खेचलं, म्हणून अंग वाचलं. डावा पाय चाकाखाली आला. साइटवरचे गमबूट माल चिकटू नये एवढ्यापुरते, पुढे लोखंडी टोपी नसलेले. बूट कापून काढताना पंजा आत कसा दबलाय ते बॅटरीच्या उजेडात पाहिलं. तो ओरडत नव्हता. फावडं कुठं गेलं, एवढंच विचारत होता, कारण हरवलं की मुकादम पैसे कापतो. दोन बोटं काढावी लागली.

कायद्याने बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करता येते, पण त्यासाठी वर्षात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. दर दोन महिन्यांनी नव्या मुकादमाबरोबर नव्या जिल्ह्यात जाणाऱ्या पोराला तो कोण देणार? माझ्या मुकादमाने दिला नव्हता. मीही कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या रात्री काम सुरू होण्याआधी मी सगळ्यांना गोळा करून शिट्टीचं महत्त्व सांगायला लागलो. मावशी मागून म्हणाली, "दादा, शिट्टी ऐकली हो आम्ही. पळायचं कोणीकडं, ते कुठं सांगितलं होतं?"

सांगितलं नव्हतं. हेल्मेट, जॅकेट, तंबाखू, मोबाईल यांवर मी दहा मिनिटं बोलायचो. हे कधीच बोललो नव्हतो. त्या रात्री उजव्या हाताला दुभाजक होता, कण्हेरीची झुडपं होती. चार पावलांवर सगळे वाचले असते. मला ते इतकं उघड वाटत होतं की सांगायचं सुचलंच नाही. पण भीतीने माणूस धोक्याकडे पाठ करून सरळ पळतो, आडवा वळत नाही. आणि डावीकडची लेन बंद असेल तेव्हा दिशा बदलते, मग दुभाजक नाही, शेताकडं पळायचं.

आता शिफ्टच्या आधी मी प्रत्येकाला हाताने दाखवायला लावतो. रोज. कालही दोघांनी पुढेच हात केला.

पोरगा गावी आहे. परवा त्याच्या आईचा फोन आला होता : दिवाळीनंतर त्याला कामावर घ्याल का, साहेब? मी हो म्हणालो. झेंडी देईन म्हणतो. पण दोन बोटं नसलेल्या पायाने तो आठ तास उभा राहील का, आणि पळायची वेळ आली तर?

हॉर्नची वायर दुसऱ्या दिवशी सकाळी जोडली. पाच मिनिटांचं काम होतं. चेकलिस्टचं ते पान अहवालाला जोडलेलं नाही, कोणी मागितलंही नाही. माझ्या बॅगेत आहे.