हुसेनसागरावरची एक गिरकी

शिडाच्या होड्यांच्या शर्यतींसाठी हैदराबादच्या हुसेनसागर तलावाचा वारा मला आवडत नाही. नैर्ऋत्येकडून येतो, पण आधी अख्खं शहर ओलांडतो, इमारतींवर आपटून फुटतो आणि मग तुकड्यातुकड्यांनी पाण्यावर उतरतो. मुंबईच्या बंदरात दुपारचा वारा एकदा धरला की संध्याकाळपर्यंत साथ देतो. इथे बघताबघता दिशा सरकते आणि जोरदार झोतामागून एकदम पोकळी येते. होडी सपाट ठेवायला बाहेर लटकून बसलेला माणूस त्या पोकळीत पाठीवर पाण्यात जातो. आणि हुसेनसागराचं पाणी तोंडात जाऊ नये असंच आहे.

तरी लेझरवाले, म्हणजे लेझर ही एकट्याने चालवायची छोटी शिडाची होडी शर्यतीत उतरवणारे, दर पावसाळ्यात हैदराबादला येतात, कारण त्या महिन्यांत खवळलेल्या समुद्रात एवढीशी होडी घालता येत नाही, आणि तलावावर वारा तर हवाच. २०१९ पासून या होडीचं अधिकृत नाव इल्का झालं असलं तरी धक्क्यावर अजून सगळे लेझरच म्हणतात. होडी एकच, शिडं तीन: ४.७, ५.७६ आणि ७.०६ चौरस मीटर. माझं मधलं. पुण्याहून शताब्दीने निघाले, शिडाची लांब नळी सामानाच्या फळीवर आडवी टाकली आणि दुपारी सिकंदराबादला उतरले.

पहिले दिवस नोंदणी, होडीची तपासणी आणि सरावात गेले. त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

सांगायचं आहे ते एका शर्यतीबद्दल. वारा चांगला वाढला होता, पाण्यावर काळे पट्टे धावत होते. वाऱ्याविरुद्धचा पहिला टप्पा संपवून आम्ही वरच्या मार्कपाशी, म्हणजे वळसा घालायच्या तरंगत्या खुणेपाशी, पोहोचलो. माझ्या पुढे हैदराबादचीच एक मुलगी होती, चौदा-पंधरा वर्षांची. मार्कला वळसा घालताना तिच्या शिडाच्या आडव्या दांड्याचं टोक त्या फुगवलेल्या नारिंगी बोयाला लागलं. जेमतेम लागलं. मागे होते म्हणून मला दिसलं, दुसऱ्या कुणालाही नाही. ज्युरीची बोट खाली दूर होती, आणि तिचं लक्ष मुख्यतः अंग झोकून शीड हलवणाऱ्यांवर असतं.

मार्कला स्पर्श झाला की स्वतःहून एक पूर्ण गिरकी घ्यायची, असा नियम आहे. त्यात एक टॅक (होडीचं नाक वाऱ्यातून फिरवणं) आणि एक जाइब (मागचं टोक वाऱ्यातून फिरवणं). शिट्टी वाजत नाही, कुणी सांगत नाही. ती इतर होड्यांपासून बाजूला झाली, सुकाणू ओढलं आणि त्या वाऱ्यात गिरकी घेतली. जाइब होताना शीड धाडकन दुसऱ्या बाजूला गेलं, होडी एका अंगावर कलली. मला वाटलं, गेली ही. तिने शीट, म्हणजे शिडाची दोरी, सोडली, अंग बाहेर टाकलं, होडी सावरली. तेवढ्यात मी पुढे गेले, माझ्यामागच्या चार-पाच जणीही गेल्या. या खेळात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन आणि शेवटी सर्वांत कमी गुणांचा जिंकतो. म्हणजे त्या गिरकीची किंमत तिने तिथल्या तिथे मोजली.

संध्याकाळी होड्या धुताना तिच्याकडे गेले. गेटबाहेरून आणलेला इराणी चहा आणि उस्मानिया बिस्किटं मध्ये ठेवून सगळे ट्रॉल्यांवर बसले होते. लष्कराचे, नौदलाचे, क्लबांचे, सगळे एकत्र. पाण्यावर एकमेकांवर ओरडणारे इथे एकमेकांच्या दोऱ्यांना गाठी मारून देतात. मी म्हटलं, कुणी पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "मेरे को तो मालूम था ना, मॅडम." आणि पुन्हा पाइप घेऊन होडीकडे वळली.

मी वीसेक वर्षं शिडाच्या होड्यांवर आहे. नियमपुस्तकाच्या सुरुवातीलाच लिहिलेलं असतं की नियम मोडला तर स्पर्धकाने स्वतःहून शिक्षा घ्यायची. बहुतेक वेळा मी पाहते ते उलटं: आधी कुणी 'प्रोटेस्ट' (नियमभंगाची तक्रार) ओरडतंय का याचा अंदाज, मग संध्याकाळी ज्युरीच्या खोलीबाहेर साक्षीदारांची जमवाजमव. त्या मुलीला तो अंदाज घ्यावासाच वाटला नाही.

रात्रीच्या औपचारिक जेवणाबद्दल माझी तक्रार आहे. भाषणं लांबली, जेवण फार उशिरा लागलं, आणि सकाळी लवकर उठायचं म्हणून मुलांना आधीच वसतिगृहावर पाठवलं होतं. ज्यांच्यासाठी स्पर्धा, तीच नव्हती. मला ते अजिबात पटलं नाही. चहाभोवतीची ती बैठकच खरी मेजवानी होती.

पुढच्या शर्यतींत वारा कधी होता, कधी नव्हता. मी मधल्या गटात राहिले, ती शेवटी क्रमवारीत माझ्या वर राहिली. मला आनंद झाला.

परतीच्या गाडीत एकच गोष्ट डोक्यात होती. २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये इल्का ४, म्हणजे याच होडीच्या सर्वांत लहान शिडाच्या प्रकारात रौप्य मिळवणारी नेहा ठाकूर मध्य प्रदेशातल्या देवासची. भोपाळच्या तलावावर घडलेली. हैदराबादची ही मुलगीही तलावावरचीच. आणि आपल्याकडे डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनारा असून त्या आठवड्यात मला कोकणातलं एकही मूल भेटलं नाही. मासेमारी करणाऱ्यांच्या घरातली मुलं वारा चालतं-बोलतं झाल्यापासून ओळखतात, पण शर्यतीची होडी त्यांनी जवळून पाहिलेलीही नसते. मालवणला, मुरुडला, हर्णैला लहान मुलांच्या चार-चार ऑप्टिमिस्ट होड्या आणि एक प्रशिक्षक, एवढं तरी कुणीतरी करायला हवं. ज्यांच्या क्लबात जुन्या होड्या शेडमध्ये पडून आहेत, त्यांना मी या महिन्यापासून विचारायला सुरुवात केली आहे.