गोडी, वास आणि हिरवा खांदा : टमाट्याच्या एफ-२ वाफ्यावरून

एफ-२ ची, म्हणजे संकराच्या दुसऱ्या पिढीची, झाडं तोडणीला आली. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात: आई म्हणजे यावलकडच्या बांधावरचा गावठी टमाटा, लहान, पातळ सालीचा, आंबटगोड. बाप बाजारातला टणक संकरित वाण, आठवडाभर टोपलीत पडला तरी हूं की चूं न करणारा. गावठीची चव जरा मोठ्या फळात यावी, एवढीच खटपट.

आधी डोळ्यांना दिसतं ते. आईच्या कच्च्या फळाला देठाजवळ गर्द हिरवा खांदा, बापाचं फळ सगळीकडून सारखं फिकट. पहिल्या पिढीत, म्हणजे एफ-१ मध्ये, झाडून सगळ्यांना खांदा होता. आता अंदाजे चारातल्या तीन झाडांना आहे. मेंडेलचा सरळ हिशेब, कारण बिनखांद्याचं 'यू' जनुक सुप्त, म्हणजे दोन्ही पालकांकडून आलं तरच दिसणारं. कच्चं फळ एकसारखं दिसलं की तोडणीची वेळ ओळखायला सोपी, म्हणून पैदासकारांनी ते जगभरच्या वाणांत घातलं. त्यात जीएलके-२ नावाचं जनुक निकामी होतं, हे २०१२ साली कळलं. हरितलवकं, म्हणजे पेशीतले साखर बनवणारे हिरवे कण, कमी पडतात आणि त्यासोबत फळातली साखरही घटते.

मग खांदेवालीच ठेवावीत? आपल्या उन्हात ते इतकं सोपं नाही. पारा ३०-३२ च्या वर गेला की लायकोपीन, म्हणजे टमाट्याला लाल करणारं द्रव्य, बनणं मंदावतं आणि देठाशी पिवळा, कडक गर राहतो. चटणीत तोच तुकडा दाताखाली येतो. त्यामुळे खांदेवाल्यांतली दाट पानांची, फळं झाकून ठेवणारीच झाडं निवडतोय, आणि मार्चनंतरची फळं निवडीत धरत नाही.

दुसरी खूण मला जास्त आवडली. काही झाडांच्या फळांवरची देठाची हिरवी टोपी भलतीच मोठी, पानासारखी पसरलेली. हीच फळं लिंबासारखी पिवळी होऊन तशीच राहिली, लाल झालीच नाहीत. बापाकडून 'रिन' हे पिकणं रोखणारं जनुक आलं असणार. टिकाऊ संकरित वाणांत ते बऱ्याचदा एकेरी, म्हणजे जोडीतलं एकच, असतं. दुहेरी झालं की फळ पिकतच नाही. रिनमध्ये डीएनएचा जो तुकडा गळालाय त्याने शेजारचं टोपीचा आकार ठरवणारं जनुकही बिघडतं, म्हणून टोपी आणि न पिकणं जोडीनं येतात. फुलातच टोपी मोठी दिसली की झाड उपटा, पाणी वाचेल.

आता चव. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे रसातली गोडी मोजायच्या यंत्रावर, सगळ्यात जास्त ब्रिक्स (गोडीचा आकडा) देणारं झाड सगळ्यात लहान फळांचं निघालं, यात नवल नाही. झाड साखर बनवणार ठरावीक, मोठ्या फळात ती पातळच होणार. शिवाय ठिबक दोन दिवस बंद ठेवलं तरी आकडा चढतो, त्यामुळे वेगवेगळ्या पाण्यावरच्या झाडांची तुलना करूच नये.

नानींपुढे दोन ताटल्या ठेवल्या, नाव न सांगता. जास्त ब्रिक्सची फोड खाऊन म्हणाल्या, "हाई गोड शे, पन याले वासच नही." दुसरी, आकड्याने मागे असलेली, त्यांनी दोनदा मागून घेतली.

नानींचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या कामात ३९८ वाणांचे जीनोम तपासले गेले. २०१७ च्या त्या निष्कर्षांत आधुनिक वाणांमध्ये चवीशी निगडित १३ वासद्रव्यं घटलेली आढळली. यातली काही द्रव्यं साखर न वाढवताच फळ जास्त गोड भासवतात. आणि ती लागतात अगदी कणभर, म्हणजे झाडाला फळाच्या वजनात त्याची किंमत मोजावी लागत नाही. साखरेमागे लागलं की फळ बारीक होत जातं. वासामागे लागलं तर दोन्ही साधायची आशा आहे. घरगुती पैदाशीत नाकालाच पहिला मान द्यावा, असं माझं ठाम मत झालंय. आकडा नंतर.

चाखायची फळं फ्रिजमध्ये मात्र ठेवू नका. १२ अंशांखाली वास बनवणारी जनुकं मंदावतात आणि फळ बाहेर काढल्यावरही पूर्ण सावरत नाहीत. माझी टोपली माठाशेजारी असते.

नानींनी मागून घेतलेल्या झाडाचं बी आंबवून, धुऊन राखेत वाळत टाकलंय. त्याला खांदा आहे, टोपी लहान आहे, फळ आईच्या दुपटीहून थोडं मोठं. टोपी लहान म्हणजे रिन गेलंच असं नाही, एकेरी लपलेलं असू शकतं. ते एफ-३ मध्ये कळेल. रोपं ऑगस्टमध्ये टाकणार, म्हणजे फळं थंडीत सापडतील.