थांब, बाळाला तीट लावते

मुलांना परीकथा का आवडतात असं विचारलं की मोठी माणसं पऱ्या, राजवाडे, कल्पनाशक्ती वगैरे बोलू लागतात. मला ते फारसं पटत नाही. आपल्या घराघरांत पुन्हा पुन्हा सांगितल्या जाणाऱ्या दोन गोष्टी घ्या, काऊ-चिऊची आणि भोपळ्यातल्या म्हातारीची. दोन्हींत ना परी, ना राजपुत्र. एकीत पावसात शेणाचं घर वाहून जातं, दुसरीत एक हडकुळी म्हातारी लेकीकडे निघते. एवढंच.

माझी धाकटी भाची काऊ-चिऊच्या गोष्टीत दार वाजण्याची वाट बघत असते. बाहेर धो धो पाऊस, कावळा कुडकुडतोय आणि चिऊताई आतून म्हणते, थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते. थांब, अंग पुसते. थांब, तीट लावते. यातली एकही पायरी गाळलेली भाचीला चालत नाही. उलट ती स्वतःच भर घालते, "मावशी, आता बाळाची नखं काप." कावळ्याची दया? छे!

दिवसभर तिच्या कानावर काय पडतं ते ऐकलं की याचा उलगडा होतो. थांब, हात धू. थांब, गरम आहे. थांब, बाबा फोनवर आहेत. घरातल्या सगळ्यांत लहान माणसाला दिवसभर कोणी ना कोणी थांबवून ठेवत असतं. गोष्टीत मात्र इवलीशी चिमणी आपल्याहून मोठ्याला ताटकळत ठेवते, तेही अगदी सभ्य कारणं देऊन.

म्हातारी तर थेट वाघालाच थांबवते. "लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, लठ्ठमुठ्ठ होईन, मग मला खा." अंगात बळ नाही, हातात काठीखेरीज हत्यार नाही, फक्त जीभ चालते. मुलांकडे तरी दुसरं काय असतं? आणि परत येताना भोपळ्यात बसून चक्क म्हणते, म्हातारी कोतारी मला काय ठाऊक! वाघाला शब्द देऊन वासराला पाजायला गेलेली बहुला गाय दिल्या वेळी परत येते आणि त्या सत्यापुढे वाघ विरघळतो. बहुला थोरच. पण माझ्या अनुभवात मुलं पुन्हा पुन्हा मागतात ती शब्द न पाळणारी म्हातारीच.

जर्मनीतल्या ग्रिम बंधूंनी १८१२ साली छापलेल्या हॅन्सेल आणि ग्रेटेलच्या गोष्टीतही हेच. चेटकीण हॅन्सेलला कोंडून खाऊ-पिऊ घालते, तो किती भरलाय ते बघायला रोज बोट चाचपते. तिला नीट दिसत नाही, म्हणून तो बोटाऐवजी हाडूक पुढे करतो आणि असे आठवडेच्या आठवडे काढतो. ग्रेटेल तर त्याहून वस्ताद. भट्टीत शिर म्हटल्यावर म्हणते, कसं शिरायचं ते मला कळत नाही. चेटकीण दाखवायला पुढे होते आणि ग्रेटेल तिला आत ढकलते! "मला येत नाही" हे किती कामाचं वाक्य आहे, हे बूट घालायची वेळ आली की प्रत्येक मूल सिद्ध करतं.

लाल टोपीवाल्या मुलीला मात्र ही कला साधलेली नाही. ती लांडग्याला सगळं खरं सांगून बसते. फ्रान्समध्ये शार्ल पेरोने १६९७ साली ती गोष्ट छापली, तेव्हा लांडगा तिला खातो आणि कथा तिथेच संपते. पोट फाडून तिला बाहेर काढणारा शिकारी ग्रिमच्या गोष्टीत आला. माझ्या मते बरंच झालं, कारण पेरोचा शेवट सांगून झाल्यावर मुलाला झोपवणार कोण?

तसंही झोपवणं अवघडच. दिवा मालवायची वेळ आली की भाचीला तहान लागते. मग शू. मग बाहुलीला पांघरूण. मग बाहुलीलाही शू.

"झोप आता," मी दटावते.

"थांब, तिला तीट लावते."