जीपीए ३.५ असूनही फायनान्शियल एड बंद झाली, ती परत कशी मिळाली

माझा जीपीए, म्हणजे ग्रेडची ४ पैकी सरासरी, ३.५ होता आणि मी एकाही विषयात नापास नव्हते. तरीही डिसेंबरच्या शेवटी कॉलेजकडून ईमेल आली की पुढच्या सेमिस्टरपासून माझी फायनान्शियल एड, म्हणजे शिक्षणासाठीची सरकारी मदत, बंद. अमेरिकेच्या केंद्र सरकारची पेल ग्रँट आणि न्यू जर्सी राज्याची ट्युशन एड ग्रँट, दोन्ही. ओळखीच्या मराठी घरांत विचारलं तर कुणालाच काही सांगता येईना. त्यांची मुलं एच-फोर (आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून) किंवा एफ-वन (विद्यार्थी) व्हिसावर आहेत, त्यांना ही सरकारी मदत मिळतच नाही. आम्ही मात्र आत्याने भावासाठी केलेल्या अर्जावर, बरीच वर्षं वाट पाहून, ग्रीन कार्ड घेऊन साताऱ्याहून आलो. असं येणारी कुटुंबं आता दिसू लागली आहेत आणि त्यांची मुलं माझ्यासारखी आधी दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजात जातात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

मदत चालू राहायला सॅटिस्फॅक्टरी ॲकॅडमिक प्रोग्रेस लागते, म्हणजे अभ्यासात समाधानकारक प्रगती. फायनान्शियल एडच्या ऑफिसात सगळे तिला ‘सॅप’ म्हणतात. फाफ्सा हा मदतीचा अर्ज दरवर्षी भरावाच लागतो, पण तो तुमच्या घरच्या उत्पन्नाचा हिशोब झाला. सॅप हा तुमच्या अभ्यासाचा हिशोब. त्यात तीन गोष्टी पाहतात. पहिली जीपीए, आमच्याकडे किमान २.०. दुसरी गती, म्हणजे नोंदवलेल्या क्रेडिटपैकी (प्रत्येक विषयाला ठरलेली क्रेडिट असतात) किती पूर्ण केली, ती निदान ६७ टक्के. तिसरी कमाल मर्यादा: पदवीला जितकी क्रेडिट लागतात त्याच्या दीडपटीच्या आत ती संपली पाहिजे. माझी असोसिएट डिग्री, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची पदवी, ६० क्रेडिटची, म्हणून मर्यादा ९०. ते ६७ कुठून आले हेही इथेच कळतं, ९० पैकी ६० म्हणजे दोन तृतीयांश. चौकट केंद्राच्या नियमांतून येते, पण बारकावे प्रत्येक कॉलेज आपले ठरवतं, त्यामुळे आपल्या कॉलेजचं धोरण स्वतः वाचायलाच हवं.

मला अडवलं ते गतीने.

पहिल्या सेमिस्टरला मी १२ क्रेडिट घेतली आणि सगळी पूर्ण केली. जानेवारीत आईला स्तनाचा कर्करोग असल्याचं निदान झालं. शस्त्रक्रिया, मग केमो. बाबा वेअरहाउसमध्ये रात्रपाळीला, घरात गाडी एकच, आणि इंग्रजीत डॉक्टरांशी बोलू शकणारी मी एकटी. हॉस्पिटलने फोनवर दुभाषी दिला तो हिंदीचा. आईला हिंदी समजतं, पण कुठे कसं दुखतंय हे तिला मराठीतच सांगता येतं, आणि तिने माझा हात सोडला नाही. मी १३ पैकी १० क्रेडिटचे विषय सोडले. सोडण्याआधी कॉलेजच्या ऑफिसच्या खिडकीवर जाऊन विचारलं होतं. उत्तर मिळालं, ‘डब्ल्यू लागला तरी जीपीएला काही होत नाही.’ डब्ल्यू म्हणजे विथड्रॉवल, विषय सोडल्याची खूण. ते खरंच आहे. पण डब्ल्यू लागलेला विषय घेतलेल्या क्रेडिटमध्ये मोजला जातो आणि पूर्ण केलेल्यांत येत नाही, हे त्या उत्तरात नव्हतं. मला वाटतं, विद्यार्थी विषय सोडायला येतो त्याच क्षणी या दोन्ही बाजू त्याला सांगणं ही कॉलेजची जबाबदारी आहे.

एक विषय मी ठेवला होता, त्याचा मोठा उपयोग झाला. सत्राचे ६० टक्के दिवस उलटण्याआधी सगळेच विषय सोडले, तर त्या सत्रासाठी मिळालेल्या मदतीचा काही भाग सरकारला परत जातो आणि तेवढं बिल कॉलेज आपल्या नावावर टाकतं. आजारपणाच्या घरात असं बिल येणं फार वाईट.

मे महिन्यात माझा हिशोब २५ पैकी १५ झाला, म्हणजे ६० टक्के. कॉलेजने वॉर्निंग दिली. वॉर्निंगमध्ये पुढच्या एका सेमिस्टरला मदत चालू राहते, अपील करावं लागत नाही. पण त्या सप्टेंबरात रेडिएशन सुरू झालं. ते आठवड्याचे पाच दिवस असतं, रोज, आणि कितीतरी आठवडे. पुन्हा १२ पैकी ९ क्रेडिट सोडावी लागली. ३७ पैकी १८. मदत बंद.

आपल्याकडच्या एटीकेटीची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्यावं. तिथे राहिलेला विषय पुन्हा देऊन सुटतो आणि मागचं मिटतं. इथे तोच विषय पुन्हा घेतला की तो पुन्हा एकदा घेतलेल्यांत मोजला जातो, आधीचा डब्ल्यू तसाच राहतो. एक सेमिस्टर घरी बसलं की हिशोब कोरा होतो, असं मला दोघातिघांनी सांगितलं. तसं होत नाही. घरी बसून टक्केवारी हलत नाही. एकतर स्वतःच्या पैशाने शिकून ती वर आणायची, नाहीतर अपील.

अपील कुणाला करता येतं? जवळच्या नातेवाइकाचा मृत्यू, स्वतःचं आजारपण किंवा दुखापत, किंवा अशीच दुसरी विशेष परिस्थिती. आईचा आजार या तिसऱ्यात बसला. पत्रात दोन गोष्टी लिहाव्या लागतात: काय झालं म्हणून क्रेडिट राहिली, आणि आता काय बदललं आहे म्हणून ती पुढे राहणार नाहीत. माझ्या मते सगळा भार दुसऱ्या गोष्टीवर असतो. अपील तपासणाऱ्या समितीला दुःखाची कहाणी ऐकायची नसते असं नाही, पण त्यांना निर्णय पुढच्या सेमिस्टरचा घ्यायचा असतो.

पत्र लिहायचं ठरलं तेव्हा बाबा म्हणाले, ‘घरचं दुखणं परक्यांच्या हातात कशाला द्यायचं?’ आई पलंगावरूनच म्हणाली, ‘लिही तू. आजार झालाय मला, चोरी नाही केली.’

एक पान लिहिलं. आजाराला एकच परिच्छेद, तोही तारखांसह. बाकी सगळं पान काय बदललं यावर: रेडिएशन संपलं आहे, पुढच्या तपासण्या महिन्यांच्या अंतराने आहेत, त्या दिवशी आत्या गाडीने नेणार आहे, आणि हॉस्पिटलने मराठी दुभाषाची सोय केली आहे. ही शेवटची गोष्ट अपॉइंटमेंट घेतानाच भाषेचं नाव सांगून मागावी लागते. पैसे लागत नाहीत. ती आम्हाला पहिल्याच महिन्यात कळायला हवी होती. सोबत हॉस्पिटलच्या सोशल वर्करचं पत्र जोडलं, त्यात उपचार कधी सुरू झाले आणि कधी संपले एवढंच होतं. रिपोर्ट जोडायची गरज पडली नाही, त्यामुळे बाबांनाही बरं वाटलं. बाबांच्या पाळीबद्दल त्यांच्या कामावरून दोन ओळी घेतल्या.

शेवटचा कागद ॲकॅडमिक प्लॅनचा, म्हणजे पुढे कधी किती क्रेडिट पूर्ण करणार याचा, तो कॉलेजच्या ॲडव्हायझरसोबत बसून केला. पुढच्या सेमिस्टरला १२ क्रेडिट पूर्ण केली तरी ४९ पैकी ३० होत होती, म्हणजे ६१ टक्के. एका सेमिस्टरमध्ये ६७ गाठणं गणितातच बसत नव्हतं. अशा वेळी साधं प्रोबेशन, म्हणजे अपिलानंतर एका सेमिस्टरपुरती मिळणारी मुभा, पुरत नाही, प्लॅन लागतो. त्यानंतरच्या सेमिस्टरला आणखी १२ धरली की ६१ पैकी ४२, जवळपास ६९ टक्के. राहिलेली १८ धरून एकूण ७९, म्हणजे ९० च्या आत. हा हिशोब मी पत्रातही लिहिला. तुम्हीही लिहा, समितीच्या पुढ्यात तो आयता असावा.

निकाल यायच्या आधीच फी भरायची तारीख आली. फी भरली नाही तर नाव वर्गातून काढतात, म्हणून कॉलेजचा हप्त्यांचा प्लॅन घेतला आणि पहिला हप्ता आत्याने भरला. वर्ग सुरू झाल्यावर अपील मंजूर झालं आणि त्या सेमिस्टरची ग्रँट खात्यात जमा झाली. अटी स्पष्ट होत्या: घेतलेला प्रत्येक विषय पूर्ण करायचा, डब्ल्यू चालणार नाही, विषय ॲडव्हायझरला विचारल्याशिवाय बदलायचे नाहीत. पहिल्या सेमिस्टरनंतर मी ६१ टक्क्यांवरच होते, पण प्लॅनप्रमाणे चालले होते म्हणून मदत सुरू राहिली. दुसऱ्यानंतर मी नियमात आले.

आता चार वर्षांच्या तीन कॉलेजांत बदलीचे अर्ज केलेत. बदलीत स्वीकारलेली क्रेडिट नवं कॉलेज घेतलेल्या आणि पूर्ण केलेल्या अशा दोन्ही आकड्यांत धरतं, त्यामुळे कमाल मर्यादेतली तेवढी जागा आधीच भरते. म्हणून प्रवेशाचे पैसे भरण्याआधी तिन्ही कॉलेजांना ईमेल करून विचारलं आहे, माझी किती क्रेडिट धरणार आणि पुढे किती घेता येतील. दोघांची उत्तरं आली आहेत.