कर्णिकेचं कपाळ

२०१९ च्या दिवाळीनंतर बाबांच्या पंचाहत्तरीला आम्ही 'कर्णिका' या क्रूझ जहाजावरून मुंबई-गोवा केलं. बॅलार्ड पियरवर उतरल्या उतरल्या सगळ्यांचे सेल्फी सुरू झाले, आणि बाबा मात्र मान वर करून जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, बघत उभे. छत्तीस वर्षं गोदीत फिटर होते, त्यामुळे चालायचंच. "कपाळ बघ गं हिचं," म्हणाले.

खरंच कपाळ होतं. इतर क्रूझ जहाजं समोरून गॅलऱ्या असलेल्या सोसायटीसारखी दिसतात. ही गुळगुळीत, गोल, पुढे फुगलेली. घरी येऊन शोधलं तर हे काम रेन्झो पियानोचं निघालं! पॅरिसच्या पाँपिदू सेंटरच्या वास्तुविशारदांपैकी एक. जेनोआसारख्या बंदराच्या गावचा माणूस. त्याने डॉल्फिनचं डोकं जहाजाला बसवलं, आणि त्या डोक्याच्या पोकळीत कसिनो होता. डॉल्फिनच्या मेंदूच्या जागी जुगार, हे मला फार आवडलं.

बाबांना यातल्या कशाचं काही नव्हतं. माहितीपत्रकातले 'सत्तर हजार टन' वाचून मी "बापरे, केवढं वजन" म्हणाले, तर लगेच दुरुस्ती: "ते वजन नव्हे, आतली जागा मोजतात." मग डेकवर रेलिंगच्या कोपऱ्यात रंगाचा एक पोपडा सुटला होता, तिथे नख घालून थर मोजत बसले. पांढरा, त्याखाली पांढरा, त्याखालीही पांढराच. "बरीच घरं फिरलीय ही," म्हणाले.

फिरलीच होती. इटलीतल्या मोनफाल्कोनेला बांधली, १९९० मध्ये 'क्राउन प्रिन्सेस' म्हणून सेवेत आली. नामकरणाला इटालियन नटी सोफिया लॉरेन. पुढे जर्मन प्रवाशांसाठी 'आरोझा ब्लू', मग 'आयडाब्लू', मग ब्रिटिशांसाठी 'ओशन व्हिलेज टू', २००९ पासून ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युएल'. एप्रिल २०१९ मध्ये आपल्याकडे 'कर्णिका' झाली तेव्हा एकोणतिशी गाठत आली होती. सासर बदललं की नाव बदलायचं, तेही पाच वेळा.

आमच्या सहलीनंतर चार-पाच महिन्यांत कोरोना आला. क्रूझ बंद पडल्या, देणी थकली, लिलाव झाला. २०२० च्या अखेरीस ती गुजरातमधल्या अलंगच्या चिखलात होती.

अलंगला मोठ्या भरतीला जहाज नाळेकडून किनाऱ्यावर चढवतात आणि ओहोटीला ते उघडं पडलं की कापायला घेतात. बाबांनी मोबाइलवरचा फोटो दोन बोटांनी मोठा केला. "म्हणजे कपाळच आधी जाणार," एवढंच बोलले आणि चहा अर्धा टाकून उठले.

तिला एक सख्खी बहीण आहे, तेच कपाळ असलेली. १९९१ मध्ये 'रीगल प्रिन्सेस' हे तिचं नाव ठेवलं मार्गारेट थॅचरबाईंनी. २०२० मध्ये काही बिटकॉइनवाल्यांनी तिला विकत घेऊन, बिटकॉइनच्या जनकाच्या नावावरून, 'सातोशी' केलं. पनामाच्या किनाऱ्याजवळ तरंगतं गाव वसवणार होते. विम्यावाचून बेत बारगळला, पण ती वाचली. २०२२ पासून ती 'अँबियन्स' नावाने लंडनजवळच्या टिलबरीहून प्रवासी न्यायला लागली.

परवा तिचा फोटो बाबांना दाखवला. चष्मा कपाळावर ढकलून बराच वेळ बघितला.

"हिला रंग बरा लावलाय."